एक्केचाळिसावी रांग

तेरामधल्या तीनचं शेपूट तुटलेलं होतं. पांढऱ्या ऑइलपेंटचा तेवढाच पोपडा कधीतरी उडून गेला असावा, आणि हिरव्या रेक्झिनवर जे उरलं होतं ते तेरा म्हणून वाचायला ते तेरा आहे हे आधी माहीत असावं लागत होतं. शेजारच्या गादीवरचे चौदा मात्र शाबूत. स्टेडियमच्या बाकावर टाकायच्या या दोन्ही गाद्या आईनं स्वयंपाकघरातल्या खुर्च्यांवर, खिडकीतल्या उन्हाकडे तोंड करून उभ्या टेकवल्या होत्या — जेवायला बोलावलेली दोन माणसं रुसून पाठ फिरवून बसावीत तशा. लाइल हरुष्का हातातली कॉफी तशीच धरून त्या तुटक्या तीनकडे बघत राहिला. तेच दोन आकडे त्याच्या खिशातल्या फोनमध्येही होते: विभाग बावीस, रांग एक्केचाळीस, जागा तेरा आणि चौदा, प्रत्येकी चारशे दहा डॉलर. उठल्यापासून चार वेळा बघून झालं होतं. दात किडला की जीभ तिथंच जाते, तसा अंगठा जात होता.

"वास गेला का बघ रे," आई चुलीपाशी पाठमोरी म्हणाली. "दोन वर्षं तळघरात पडल्यात."

त्यानं तेरा नंबर हुंगली. ओल, जुनी कॉफी, आणि खाली कुठंतरी वडिलांच्या कोटाचा वास... की तो त्यानंच आत घातला?

"गेला."

"खोटं बोलतोस. असा जातो होय तो वास!" ती हसली, आणि हसता हसता खोकली. गेले दहा दिवस हा खोकला होता. कोरडा, छोटा, दार वाजवून कोणी परत जावं तसा.

खोटं बोलतोस. चुलीवरच्या पातेल्याला म्हणावं इतक्या सहज म्हणाली ती. लाइल चोपन्न वर्षांचा होता आणि मानेपर्यंत तापला.

पुढच्या शनिवारी पंपाच्या दांड्याची मॅच होती. अमेरिकन फुटबॉल, कॉलेजांचं: ब्रॅडॉक विरुद्ध हॅडली. शंभर वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या पोरांनी दुसऱ्याच्या आवारातल्या हातपंपाचा दांडा चोरला होता, आणि तेव्हापासून जो जिंकेल तो तो गंजका दांडा वर्षभर मिरवतो. चौदा वर्षं तो ब्रॅडॉकला आलेला नव्हता. चौदा वर्षं हॅडलीवाले जाता-येता हवेत पंप मारल्यासारखा हात हलवून दाखवत होते आणि इकडची मोठमोठी माणसं त्या हातापुढं माना खाली घालत होती. पण यंदा ब्रॅडॉक नऊपैकी नऊ जिंकलं होतं. आज दहावी, वेस्टमार्कच्या मैदानावर. ती काय, नावालाच. मग हॅडली, आणि तीही घरच्या मैदानावर. एक्क्याऐंशी वर्षांच्या आईनं, आर्डिस हरुष्कानं, ऑगस्टमध्येच चर्चमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की खुबा आता पक्का बसलाय आणि मी जाणार, आमच्या जागेवर बसून बघणार.

आमच्या जागेवर.

त्या जागा आता आमच्या नव्हत्या. हे जगात तीन माणसांना माहीत होतं. एक लाइल. दुसरा तो कोण, ज्यानं त्या उचलल्या आणि आता दर आठवड्याला फोनवर विकत होता. तिसरा ऑर्वल, पंधरा नंबरवरचा, ज्यानं एकतीस वर्षं लाइलचे वडील एमिल आणि आर्डिस यांच्या शेजारी बसून एकाच थर्मासमधली कॉफी प्यायली होती. गेल्या वर्षी पेट्रोलपंपावर ऑर्वल म्हणाला होता, "तुमच्या जागांवर दर वेळी नवीन माणसं बसतात रे." लाइल म्हणाला होता, "नातेवाईक." ऑर्वल त्याच्याकडे बघत राहिला होता. मग पेट्रोलची नळी जागेवर अडकवून म्हणाला, "बरंच मोठं खानदान आहे की तुमचं."

काय घडलं ते सांगायला फार नाही, आणि तीच तर लाज आहे. काही केलं असतं तर सांगता आलं असतं. वडील गेल्यानंतरच्या दुसऱ्या वसंतात विद्यापीठाचं पत्र आलं. तिकिटांचे पैसे वेगळे, आणि जागा राखायची देणगी वेगळी. देणगी म्हणे! देणगी माणूस आपणहून देतो. न दिलीत तर बूड उचला, असं छापील कागदावर बजावून दरवर्षी वाढवून जी घेतात तिला आमच्याकडे दुसरं नाव आहे. वर काचेच्या खोल्या बांधल्यात त्यांनी, आत गालिचा, वाढपी. तिथं बसणाऱ्यांना बाहेरची थंडी म्हणजे देखावा. आणि ज्यांनी थंडीत बसून बसून ते स्टेडियम उभं ठेवलं त्यांच्याकडून त्या काचेचे पैसे! लाइल हे सगळं मोठ्यानं बोलू शकत असे, आणि कामावर बोलतही असे, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त पत्र त्यानं त्या रागानं फाडलं नव्हतं. भरायला पैसे नव्हते असंही नव्हतं. पत्र ट्रकच्या काचेखाली ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. उन्हानं पिवळं पडलं. तारीख आली आणि गेली. नाही म्हणावं लागलं नाही, हो म्हणावं लागलं नाही... नुसतं थांबलं की गोष्टी आपोआप होतात, हे त्याला तेव्हा कळलं. की आधीपासूनच कळलेलं होतं?

त्याच उन्हाळ्यात आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. लाइल तिच्या उशाशी बसून म्हणाला, "यंदा जागा दुसऱ्यांना वापरायला दिल्यात."

"बरं केलंस," ती गुंगीतच म्हणाली. "रिकाम्या नकोत राहायला."

काल वजनकाट्यावर कामावरचा मर्व म्हणाला होता, "घेतलीस का तिकिटं?"

"बघतोय."

"बघच. आत्ता घेशील तर तुझ्याइतकं मोठं गाढव या काट्यावर आजवर चढलं नाही असं मी लिहून देतो. अरे, उद्या वेस्टमार्कनं आपल्याला धुतलं ना, की दहाला दहाची सगळी हवा फुस्स. संध्याकाळी निम्म्यानं देतील, वर पाया पडतील."

"म्हणजे आपण हरावं म्हणतोस?"

"मी कधी म्हणालो? जीभ झडेल माझी! मी म्हणालो, हरलोच तर."

हरलोच तर. सव्वीस वर्षं लाइल धान्याच्या कोठारांपाशी मक्याचे ट्रक तोलत होता, आणि सव्वीस वर्षं शेतकरी त्याच्या खिडकीशी वाकून विचारत होते, आज विकू की थांबू? थांबणाऱ्यांचे चेहरे त्याला पाठ होते. डोळे आकाशाकडे, कान रेडिओकडे, आणि आत कुठंतरी दुसऱ्या कुणाच्या तरी राज्यात गारपीट व्हावी अशी इच्छा, जी कोणी उच्चारत नाही. त्यांना तो मनातल्या मनात गिधाडं म्हणत असे.

दीड वाजता मॅच लागली. आईनं गाद्या आणून सोफ्यावर टाकल्या. चौदावर स्वतः बसली, आणि तेरावर थाप मारली.

"बस."

"मी खुर्चीत बसतो."

"बस म्हटलं ना! सवय नको व्हायला?"

तो बसला. गादी त्याच्या वजनाखाली हळूच हवा सोडत राहिली. मांडीवर तिनं खिमा-राजम्याच्या तिखट चिलीचा वाडगा दिला, वर दालचिनीचा गोड रोल, जसा ती मॅचच्या दिवशी कायम देत आली. रोल तिखटात बुडवायचा आणि बोटं चाटायची. लहानपणी मात्र हे जेवण आजीच्या घरी होत असे. कारण जागा दोनच होत्या. तेरा आणि चौदा. लाइल आणि त्याची बहीण आजीकडे रेडिओ ऐकत, आणि अंधार पडताना आई-वडील परतत — लाल गाल, अंगाला थंडीचा आणि लोकांच्या तंबाखूचा वास, आणि कशावर तरी हसत. "काय झालं? काय झालं?" पोरं विचारत. "तिथं असायला हवं होतं रे," एमिल म्हणे, आणि दोघं पुन्हा फुटत. तिथं असायला हवं होतं... अरे, पण नेलंत कधी? एकदा तरी, एकानं मागं राहून, नेलंत? हे चाळीस वर्षांपूर्वीचं पोराटकीचं दुखणं आहे आणि चोपन्नाव्या वर्षी ते उगाळायची लाज वाटायला हवी, आणि वाटते. पण म्हणून ते जात नाही.

वडील गेल्यावर एक हंगाम लाइल तेरावर बसला होता. पहिल्याच मॅचला आईनं मैदानावरची नजर न काढता त्याच्या मांडीवर चापट मारली होती — "एमिल, बघ बघ बघ, सुटला तो!" तिला कळलंही नाही. त्यानं दुरुस्त केलं नाही. पुढच्या मॅचला पुन्हा तेच. सगळा हंगाम तो बापाच्या गादीवर बापाच्या मांडीनं चापटा खात बसला. मग ते पत्र आलं.

म्हणजे देणगीचा राग नव्हता तो. नव्हताच.

वेस्टमार्क नावालाच नव्हतं. मध्यंतराला ब्रॅडॉक दहा, वेस्टमार्क चौदा. आईचा रोल तसाच पडला होता. लाइलनं फोन मांडीच्या पलीकडच्या बाजूला, तिला दिसणार नाही असा धरून उघडला. तीनशे साठ.

छातीत काहीतरी टुणकन उडालं. आनंदच तो. त्याला दुसरं नाव द्यायला वेळ होता, पण सुचलं नाही.

स्वयंपाकघरातला फोन वाजला. मध्यंतराला ऑर्वलचा फोन यायचाच. आई खुब्यावर हात ठेवून उठली, आणि लाइल वाडग्यात बघत बसला, कान मात्र भिंतीपलीकडे.

"बघतोयस ना काय चाललंय ते?... अरे, त्या पोराला टाचा उचलायला सांगा कुणीतरी!... हो तर, येतोय की आम्ही. लाइल आणि मी... आमच्याच, आणखी कुठं?..."

मग ती ऐकत राहिली. ऑर्वल काहीतरी सांगत होता. बराच वेळ. लाइलनं घड्याळ पाहिलं नाही, पण पडद्यावर साबणाची, ट्रकची आणि गुडघ्याच्या मलमाची अशा तीन जाहिराती झाल्या आणि आईचा आवाज आला नाही. ऑर्वल हवामानाबद्दल सांगत असेल. किंवा बायकोच्या डोळ्यांबद्दल. किंवा...

"बरं," आई शेवटी म्हणाली. "बघू."

ती परत येऊन चौदावर बसली. त्याच्याकडे न बघता विचारलं, "आता तिकिटं कशी येतात रे? पूर्वी जाड पाकीट यायचं. एमिल ते टेबलावर मधोमध ठेवायचा, आणि जेवण होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"फोनवर येतात."

"मग दाखव की."

"आदल्या दिवशी दिसतात. तोवर दिसत नाहीत."

"असं होय," ती म्हणाली.

असं होय. त्यात काय होतं? दोन शब्द त्यानं उलटेपालटे करून पाहिले, नाणं खोटं आहे का बघावं तसे. काही नव्हतं. किंवा सगळं होतं. तिनं त्याच्या वाडग्यात आणखी एक रोल ठेवला होता. आपला, न खाल्लेला.

दुसऱ्या अर्ध्यात ब्रॅडॉकनं चेंडू रेषेपार नेऊन एक टचडाऊन केला. आई ओरडली, आणि लाइलही ओरडला — दोन्ही हात वर, घसा फाडून — आणि ओरडता ओरडता त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. मयताच्या घरी शेजाऱ्यांचा रडताना येतो तसा, योग्य तेवढा. फोन: तीनशे नव्वद. मग वेस्टमार्कनं दोनदा किक मारून सहा गुण घेतले. सतरा–वीस. तीनशे दहा. आईच्या प्रत्येक 'हाय'ला इथं भाव उतरत होता, आणि प्रत्येक 'वाहवा'ला चढत होता, आणि मी तिच्या शेजारी एकाच सोफ्यावर, एकाच चिलीच्या वासात, तिच्या उलट्या बाजूनं मॅच बघत होतो. वेस्टमार्कच्या बाजूनं नव्हे. वेस्टमार्कच्या लोकांना निदान वेस्टमार्क आवडतं.

शेवटची चार सेकंदं उरली होती. ब्रॅडॉकचा किक मारणारा पोरगा मैदानात आला; चेंडू खांबांमधून गेला तर तीन गुण, बरोबरी. एकोणीस वर्षांचा, गाल अजून गुळगुळीत. त्यानं हेल्मेट सारखं केलं, गवतातून काहीतरी उचलून फेकलं.

"डॉरिसचा नातू," आई कुजबुजली. "पोहायला शिकवलंय मी त्याला. पाण्याला इतका घाबरायचा!" तिनं ओंजळीत तोंड धरलं. बोटांच्या फटीतून बघत होती. "मार रे राजा. मार."

चुकव, लाइल म्हणाला. आत. ओठ हलले नाहीत.

चुकव.

एकदा म्हणून थांबला असता तर जाता जाता आलेला विचार म्हणता आला असता. तीनदा म्हणाला.

चेंडू वर गेला, सरळ गेला, सरळच जात राहिला, आणि शेवटी, कुणीतरी हाक मारल्यासारखा, डावीकडे वळला. खांबाच्या बाहेरून. पोरगा तिथंच खाली बसला, गवतावर. त्याच्या पाठीवरचा नंबर हलत होता. आणि लाइलच्या नाकातून हवा निघाली. 'हं' असा छोटा आवाज, सुटल्याचा.

आईनं ओंजळ खाली घेतली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"ठसका. घशात अडकला रोल."

ती बघत राहिली. मॅच संपलेली होती आणि ती पडदा सोडून त्याच्याकडे बघत होती, ऑर्वलनं पेट्रोलपंपावर बघितलं होतं तशी... किंवा नुसती म्हातारी बाई रडू आवरताना कुठंही बघते तशी. मग रिमोट घेऊन तिनं टीव्ही बंद केला. हे तिनं कधी केलं नव्हतं. शेवटचा माणूस मैदानाबाहेर जाईपर्यंत हरुष्का उठत नाहीत, हा एमिलचा नियम होता.

"संपलं म्हणायचं," लाइल म्हणाला. आणि मग, हळूच, पाण्यात पाय घालून बघावा तसं, "आता हॅडलीच्या मॅचला तरी काय अर्थ राहिला? त्यात तुझा हा खोकला. थंडीही म्हणतात पडणार आहे. घरीच बघू की. आरामात."

"वेडा की काय?" आई म्हणाली. "आता तर जायलाच हवं. आता जागा रिकाम्या दिसल्या तर त्या पोराला काय वाटेल?"

गाद्या उचलून, एकीवर एक ठेवून, त्या बगलेत मारून ती स्वयंपाकघरात गेली. तळघराचं दार करकरलं.

"आई, कुठं निघालीस? मी ठेवतो त्या."

"ठेवायला नाही चालले. तू बस."

लाइलनं फोन उघडला. दोनशे पाच. निम्मं. मर्व म्हणाला होता तसं, तंतोतंत. त्याच जागा, वाऱ्याला तोच खांबाचा आडोसा, शेजारी ऑर्वल, आणि तिला कधीही काही कळणार नाही. हिरवं बटण अंगठ्याखाली होतं. त्यानं दाबायचं होतं एवढंच. आणि अंगठा उचललेलाच राहिला, कारण डोक्यात कुणीतरी शांतपणे म्हणालं: थांब. अजून उतरेल. उद्या एकशे ऐंशी होईल. बुधवारी थंडीचा अंदाज येईल, मग दीडशे. शुक्रवारपर्यंत थांब... शुक्रवारपर्यंत काय काय होऊ शकतं.

काय काय म्हणजे काय?

तळघरातून आवाज आला. "एक." पाऊल. "दोन." पाऊल.

ती पायऱ्या चढत होती. त्या घराच्या तळघराला तेरा पायऱ्या आहेत हे लाइलला माहीत होतं; त्या तेरा पायऱ्यांवरूनच लहानपणी पडून त्यानं कपाळ फोडून घेतलं होतं. तेराव्याला ती वर आली, दारात तिचा पांढरा माथा दिसला, गाद्या बगलेत. वळून ती पुन्हा खाली गेली, उतरताना मुकाट्यानं. मग पुन्हा वर, "चौदा... पंधरा..." आणि लाइलला समजलं. स्टेडियमात आपल्या रांगेपर्यंत चढायच्या तेवढ्याच पायऱ्या: तीन फेऱ्यांच्या एकोणचाळीस, आणि वर दोन. एक्केचाळीस. सगळा सप्टेंबर, सगळा ऑक्टोबर ती हे करत असणार, रोज, एकटी, आणि तो रोज खिशात चारशे दहा घेऊन फिरत होता आणि स्वतःला सांगत होता की भाव उतरायची वाट बघतोय.

भावाची नव्हे. पत्र काचेखाली पिवळं पडू दिलं तेव्हा भाव कुठं होता? मी वाट बघत होतो ती...

सव्वीस झाल्या. ती वर आली, श्वास घेत थांबली, कठड्याला धरून त्याला म्हणाली, "बघतोस काय नुसता? मोज," आणि पुन्हा उतरली.

"सत्तावीस."

अंगठा बटणावर. दोनशे पाच.

"अठ्ठावीस... एकोणतीस..." आवाज आता प्रत्येक आकड्याला थोडा मागं पडत होता. तीस. एकतीस. बत्तीस. तेहेतीस. "चौतीस."

मग खोकला. छोटा नव्हता तो. एकामागून एक, कोरडे, आणि मध्ये रेक्झिन भिंतीला घासल्याचा आवाज. मग तोही नाही. तळघराच्या उघड्या दारातून ओल येत होती, आणि घर सगळं गप्प झालं, आणि त्या गप्पात माझ्या आत काहीतरी कान टवकारून बसलं. मी त्याला ओळखलं. मैदानावर चेंडू हवेत असताना तेच बसलं होतं. ऑपरेशननंतर आईच्या उशाशी खुर्ची ओढून बसलो होतो तेव्हाही तेच होतं. ते दुष्ट नव्हतं, त्याला कुणाचं वाईट व्हायला नको होतं. त्याला फक्त काही करायचं नव्हतं, आणि न करता सगळं मिटावं एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी ते कितीही वेळ, कशासाठीही, थांबायला तयार होतं.

उठायला हवं होतं. दोन ढांगांवर दार होतं.

"पस्तीस," खालून आलं. अगदी बारीक.

आणि आत जे खाली बसलं, ती सुटका होती की निराशा, हे मला कळायला हवं होतं. आईचा पोटचा मुलगा आहे मी. मी कान देऊन ऐकत राहिलो, छत्तीससाठी, आणि ओठांनी, न हलवता, तिच्याआधी तो आकडा म्हणून बघितला — छत्तीस — त्यातला आवाज कुणाचा येतो ते ऐकायला.